जुन्या साडीचा नवा घेर

कर्जतकडे जाणारी लोकल कल्याण सोडते, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्थानके येतात आणि डब्यात कापडाची बोचकी चढू-उतरू लागतात. गजानन मार्केट आणि जपानी बाजार ही उल्हासनगरची नावे या भागातील कापड दुकानदाराला घरच्यासारखी परिचित आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे आली. १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले आणि पुढील काही दशकांत छावणीची पेठ झाली. जीन्स शिवण्याचा मोठा उद्योग येथे उभा राहिला. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढणारा सेंच्युरी रेयॉनचा कारखानाही जवळच, शहाडला आहे. हाच मार्ग अंबरनाथ आणि बदलापूर ओलांडून वांगणीला पोहोचतो. उल्हास नदीच्या खोऱ्यातील या गावात भातखाचरे आणि नव्या इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. परवडणाऱ्या घरांमुळे अनेक दृष्टिहीन कुटुंबे येथे स्थायिक झाली असून त्यांतील कित्येक जण लोकलच्या डब्यांतून केसांच्या पिना, क्लिपा आणि अशाच बारीकसारीक वस्तू विकून संसार चालवतात.

सांगायचे ते इतकेच की, या पट्ट्यात कापड, फीत, लेस, गुंडी यांचा तुटवडा कधी जाणवत नाही. कापड दुकानाच्या माळ्यावर न खपलेले तागे असतात, कपाटात आजीच्या साड्या असतात, कोपऱ्यात शिलाई यंत्र असते. अशा घरातील मुलगी एके दिवशी मोबाइलवर एक छायाचित्र दाखवते. घंटेसारखा फुललेला घेर, झालरींच्या रांगा, गळ्यापर्यंत बंद सदरा, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर फितीने बांधलेले टोपडे. हा जपानमधील ‘लोलिता’ पोशाख. तो विकत घ्यायचा तर नामांकित जपानी कंपन्यांच्या एका नव्या पोशाखाला पंचवीस-तीस हजार येन सहज पडतात आणि टपालखर्च व सीमाशुल्क त्यावर वेगळे. मुलगी म्हणते, “मी घरीच शिवते.” घरातील मोठ्यांच्या मनात तत्क्षणी तीन प्रश्न उभे राहतात. हे नाव कसले? हे शिवणार कशाचे? आणि हे घालून जाणार कुठे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींना उत्तरे आहेत.

नावाचा घोळ

पहिला आक्षेप नावाचा, आणि तो योग्यच आहे. व्लादिमिर नाबोकोव्ह यांची ‘लोलिता’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. एका प्रौढ पुरुषाने बारा वर्षांच्या मुलीवर केलेल्या अत्याचाराची ती कथा आहे. ज्याने कादंबरीचे नाव ऐकले आहे, त्याला मुलीच्या तोंडी हा शब्द खटकल्यावाचून राहणार नाही. परंतु जपानमध्ये या नावाने जो पोशाख रुजला, तो त्या कथेच्या वाटेने गेलेला नाही. तोक्योच्या हाराजुकु भागात १९७० साली ‘मिल्क’ हे दुकान निघाले. १९८८ साली ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ ही कंपनी सुरू झाली. जुन्या युरोपातील बालवेष, बाहुल्यांचे कपडे आणि परीकथांतील चित्रे यांवरून या मंडळींनी एक शैली घडवली. २००१ पासून या पोशाखांना वाहिलेले ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ हे नियतकालिक निघू लागले, आणि घरी शिवणाऱ्यांसाठी बेतण्याचे कागदी नमुनेही त्यातून मिळत.

या पोशाखाचा संकेत अंग झाकण्याचा आहे. खांदे झाकलेले, गळा बंद, घेर गुडघ्याच्या आसपास आणि त्याच्या आत झालरीची सैल विजार. पाहणाऱ्याच्या नजरेसाठी हा वेष नाही, स्वतःच्या आनंदासाठी आहे, असे तो घालणाऱ्या स्त्रिया आवर्जून सांगतात. तरीही कादंबरीची सावली नावावरून पुसली गेलेली नाही, हे मान्य करणेच प्रामाणिक ठरेल. म्हणून घरात या विषयावर बोलताना शब्दाचा इतिहास मुलीला मोकळेपणाने सांगावा आणि पोशाखाचे मोल मात्र पोशाख पाहूनच ठरवावे. ज्याला नाव नको वाटते, त्याने ‘झालरीचा झगा’ म्हणावे. शिलाई बदलत नाही.

या संदर्भात एक जपानी चित्रपट लक्षात घेण्यासारखा आहे. नोवाला ताकेमोतो यांच्या कादंबरीवरून २००४ साली ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ पडद्यावर आला. त्याची नायिका मोमोको भातशेतीने वेढलेल्या शिमोत्सुमा या गावात राहते. गावातील सारे जण मोठ्या बाजारातून स्वस्त तयार कपडे आणतात. ही एकटी आगगाडीने लांबचा प्रवास करून तोक्योतील आपल्या आवडत्या दुकानात जाते. पण तिची खरी ओळख विकत घेतलेल्या झग्यामुळे होत नाही, हातच्या भरतकामामुळे होते. तिने स्वतः भरलेले टोपडे पाहून त्या दुकानाचा मालक चकित होतो. खेडे, आगगाडी, दूरची पेठ आणि हातातील सुई ही मांडणी वांगणीच्या वाचकाला परकी वाटू नये.

आकार आतल्या परकरात असतो

दुसरा प्रश्न कशाचे शिवायचे हा. छायाचित्र पाहून बहुतेकांना वाटते की एवढा घेर उभा राहायला काही भारी परदेशी कापड लागत असेल. येथेच नवशिक्यांची फसगत होते. घंटेचा आकार वरच्या कापडात नसतो. तो आतल्या फुगीर परकरात असतो. वरचे कापड केवळ त्या आकारावर पांघरलेले असते. हे एकदा ध्यानात आले की वरच्या कापडाची निवड मोकळी होते आणि घरातील जवळजवळ प्रत्येक कपाट उपयोगी ठरू लागते.

आतल्या परकराचे गणित सोपे आहे. कंबर ७० सेंटिमीटर धरावी. जाळीच्या सोळा-सतरा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. पहिला थर सव्वा मीटर लांबीचा, दुसरा त्याच्या दुप्पट म्हणजे अडीच मीटर, तिसरा पुन्हा दुप्पट म्हणजे पाच मीटर. प्रत्येक थराला चुण्या घालून तो वरच्या थराच्या लांबीइतका करावा आणि जोडावा. शेवटी खाली हवी तर दहा मीटरची अरुंद झालर. तीन थरांच्या पट्ट्या मिळून पावणेनऊ मीटर भरतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण पट्ट्या अरुंद असल्याने प्रत्यक्षात दीड चौरस मीटर जाळी पुरते. दुहेरी पलंगाच्या जुन्या मच्छरदाणीत याच्या कितीतरी पट जाळी असते.

मच्छरदाणीची जाळी मऊ असते आणि एकेरी थर वरच्या कापडाच्या भाराने बसतो. म्हणून ती दुहेरी घ्यावी, आणि तिसऱ्या थराला घागऱ्याचे शिंपी वापरतात ते कडक कॅनकॅन लावावे. कॅनकॅन अंगाला टोचते, यासाठी आतून सुती केम्ब्रिकचे अस्तर हवेच. एक दक्षता मात्र घ्यावी. डास मारणारे औषध लावलेल्या मच्छरदाण्या मिळतात. तशी जाळी अंगावरच्या कपड्यासाठी घेऊ नये.

बाहेरच्या घेरासाठी कंबरेच्या तिप्पट कापड हवे. चव्वेचाळीस इंची पन्ह्याचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की सव्वादोन मीटरपर्यंत रुंदी मिळते, आणि ७० सेंटिमीटर कंबरेला ती पुरेशी होते. कंबरेवरच्या भागाची पाठ इलास्टिक दोऱ्याच्या ओळींनी आवळलेली ठेवावी. जपानी कंपन्या हीच युक्ती वापरतात. त्यामुळे अंग थोडे भरले तरी झगा टाकावा लागत नाही आणि थोरलीचा धाकटीलाही येतो.

साडीचा काठ

जपानी कंपन्यांच्या अनेक झग्यांवर घेराच्या खालच्या कडेने चित्रांची पट्टी छापलेली असते. वरचा भाग साधा आणि खाली किल्ला, फुलांची वेल किंवा मिठाईची रांग. त्यासाठी कापड मुद्दाम तसे छापून घ्यावे लागते. मराठी घरात हे कापड तयारच आहे. साडीचा काठ म्हणजे कडेने धावणारी पट्टीच. साडी लांबीच्या दिशेने धरून बेतली, की काठ आपोआप घेराच्या खालच्या कडेला येतो. पन्ह्याची मर्यादा राहत नाही, बाजूची शिवण एकच पडते आणि खालची कड दुमडावीही लागत नाही. साडेपाच मीटरच्या साडीतील अडीच-तीन मीटर घेराला जातात. उरलेल्यातून वरचा भाग आणि बाह्या निघतात, पदरातून टोपडे आणि कंबरेची मोठी गाठ. नऊवारी असेल तर सव्वाआठ मीटर कापड हाती येते आणि झालरींनाही कमतरता पडत नाही.

साडी निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. जुने वस्त्र घडीच्या रेघांवर विरते, विशेषतः जरीच्या जवळ. उजेडासमोर धरून घड्या तपासाव्यात, दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावे आणि विरलेला भाग बेतण्यातून वगळावा. बाकीच्या कापडाला आतून मलमलीचा आधार द्यावा. इरकली, सुती काठपदर आणि खणाचे कापड या कामी फार शोभते. खणाचा पन्हा अरुंद असतो, पण कंबरेवरच्या भागाला तेवढा पुरतो आणि परकर-पोलक्याची आठवण आपसूक येते.

जपानमध्येही असाच प्रकार आहे. किमोनोच्या कापडाचा पन्हा अवघा छत्तीस-सदतीस सेंटिमीटर असतो. जुने किमोनो उसवून त्या अरुंद पट्ट्यांतून रुंद बाह्या आणि घेर जोडण्याची ‘वा-लोलिता’ नावाची उपशैली तेथे रूढ आहे. आपापल्या आजीचे वस्त्र नव्या बेतात आणण्याची ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

पडदा, छत्री, जीन्स, बारदान

साडीनंतर पडद्यांचा क्रम. नक्षीदार जाड पडद्याचे कापड गंभीर, जुन्या धाटणीच्या झग्याला उत्तम. परंतु खिडकीतील पडदा उन्हाने आतून कुजलेला असू शकतो. काठाशी धरून जोराने ओढावा आणि ‘चर्र’ असा आवाज आला तर त्याचा मोह सोडावा. ऊन अडवण्यासाठी मागून रबरी लेप दिलेले पडदे अंगावर घेण्याजोगे नसतात, कारण त्यांतून घाम बाहेर पडत नाही.

मोडक्या छत्रीकडे कोणी पाहत नाही. आठ काड्यांच्या छत्रीचे कापड म्हणजे मध्याशी जुळणाऱ्या आठ कळ्या. कोणी तरी आधीच अचूक बेतून, शिवून ठेवलेला घेर. काड्या सोडवून मधला भाग गळ्याच्या मापाने कापला, पुढे एक कळी उघडली आणि कडेला लेस लावली की खांद्यावरची आखूड केप तयार होते. काळ्या छत्रीची केप काळ्या ‘गॉथिक’ वेषाला साजते आणि वांगणीच्या पावसात दोन-चार सरी सोसतेही.

उल्हासनगरच्या जीन्स उद्योगामुळे डेनिमचे तुकडे या भागाला परिचित. डेनिमला चुण्या घालू नयेत. जाड कापडाच्या चुण्या कंबरेशी गोळा होतात. त्याऐवजी वर अरुंद आणि खाली रुंद अशा कळ्या कापून जोडाव्यात, म्हणजे कंबर सपाट राहते आणि घेर खाली उघडतो. लहान तुकडे या रीतीने नेमके कामी येतात. सोळा किंवा अठरा नंबरची सुई वापरावी, आणि जेथे चार पदर एकत्र येतात तेथे शिवणीवर आधी हातोडीने हलके ठोके द्यावेत. पहिल्या काही धुण्यांत निळा रंग सुटतो, तेव्हा पांढऱ्या लेसची जोडणी कापड दोनदा धुतल्यावरच करावी. या निळ्या रंगाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. जीन्स धुण्याच्या कारखान्यांतील सांडपाण्याने वालधुनी नदीचे झालेले प्रदूषण हा या परिसरातील जुना आणि कटू विषय आहे. जे कापड रंगवून, धुऊन, त्याची किंमत नदीने चुकती केल्यावर तयार झाले, ते कतरणीच्या ढिगात जाण्यापूर्वी एकदा वापरले जावे, एवढे तरी हाती असते.

व्यापारी घरांत आणखी एक कापड असते, त्याला कापड म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ते म्हणजे बारदान. ताग अंगाला खरखरीत, त्याचे तंतू झडतात. म्हणून त्याचा झगा करू नये. पण अस्तर लावून त्याची टोपडीची ताठ कड किंवा हातातील पिशवी सुंदर होते. सुती गोणीचे कापड मात्र उकळून, खळ काढून धुतले की सहज शिवता येते.

गोणी आणि पॅराशूट

गोणीचा झगा ही थट्टा नव्हे. अमेरिकेत १९२० ते १९५० या काळात पीठ, साखर आणि पशुखाद्य सुती गोण्यांतून विकले जाई. शेतकऱ्यांच्या घरच्या स्त्रिया त्या गोण्यांचे कपडे शिवतात, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी गोण्यांवर फुले, चौकडी, वेलबुट्टी छापायला सुरुवात केली आणि कंपनीचे नाव धुऊन जाणाऱ्या शाईत किंवा काढता येणाऱ्या कागदावर घातले. मंदीच्या वर्षांत, पैशाची चणचण असताना, एकसारख्या नक्षीच्या गोण्या मिळाव्यात म्हणून स्त्रिया खाद्याची निवड करू लागल्या. एका मोठ्या माणसाच्या पोशाखाला साधारण तीन गोण्या लागत. माल विकताना त्याच्या वेष्टनाचाही उपयोग ग्राहकाला होईल असा विचार करणारा हा व्यापार, पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

दुसरा दाखला पॅराशूटचा. ऑगस्ट १९४४ मध्ये जपानवरील हवाई मोहिमेवरून परतताना अमेरिकन वैमानिक क्लॉड हेन्सिंगर यांच्या विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि त्यांना रात्री पॅराशूटने उडी घ्यावी लागली. सुटका होईपर्यंत तेच नायलॉनचे कापड त्यांचे अंथरूण-पांघरूण झाले. त्यांनी ते जपून आणले आणि पुढे आपल्या नियोजित वधूला दिले. रूथ यांनी त्याचा विवाहवेष केला. वरचा भाग शिवणारणीने शिवला आणि घेर रूथ यांनी स्वतः घातला. पॅराशूटच्याच दोऱ्या ओढून त्यांनी चुण्या अशा बसवल्या की घेर पुढून आखूड आणि मागून लांब झाला. १९४७ साली त्या वेषात विवाह झाला. पुढे त्यांच्या मुलीने आणि सुनेनेही विवाहात तोच वेष घातला. आज तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कापड तेच होते, ज्याने आधी एक जीव वाचवला.

धागा ओळखावा

जुने किंवा कतरणीचे कापड घेताना ते कशाचे आहे हे कळणे आवश्यक असते, कारण त्यावर इस्त्री, धुणे आणि शिवण अवलंबून असते. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात याला आणखी एक कारण आहे. रूढ पद्धतीत रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव बाहेर पडण्यापूर्वीच कोश उकळतात. म्हणून अनेक घरांत रेशीम नवे घेतले जात नाही. आजीच्या पेटीतील जुने रेशीम वापरावे की नाही, याचा निर्णय ज्या त्या घराचा. पण निर्णय घेण्यासाठी आधी ओळख पटली पाहिजे.

कापड व्यापारातील जुनी परीक्षा येथे कामी येते. कडेचे दोन-चार धागे उसवून चिमट्यात धरावेत आणि थाळीवर, मोठ्या माणसाच्या देखत, ज्योतीजवळ न्यावेत. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि त्याची कडक गुठळी होते. ‘सॅटिन’ आणि ‘मखमल’ ही विणीची नावे आहेत, धाग्याची नव्हेत. दोन्ही रेशमाची असू शकतात आणि पॉलिस्टरचीही. दुकानात नुसते नाव ऐकून थांबू नये.

ज्यांना रेशमाचीच झळाळी हवी, त्यांच्यासाठी कुसुमा राजय्या यांनी विकसित केलेले ‘अहिंसा रेशीम’ आहे. त्यात पतंग बाहेर पडल्यावर रिकाम्या कोशांपासून सूत काढतात. ते थोडे खरबरीत आणि महाग असते. रेयॉनला सुंदर पडणे असते, परंतु ते धुतल्यावर आटते आणि ओले असताना कमजोर होते. म्हणून आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे. सजावटीतही हाच विवेक चालतो. या वेषाला मोत्यांची माळ, शिंपल्याच्या गुंड्या, पिसे, लोकरी केस असे पुष्कळ काही लावतात. त्यांच्या जागी काचेचे मणी, नारळाच्या करवंटीच्या गुंड्या आणि कापडी फुले लावली तर शोभेत उणे पडत नाही.

घालून जायचे कुठे?

तिसरा प्रश्न बाकी आहे आणि घरातील वडीलधारी तोच सर्वांत आधी विचारतात. सकाळच्या कर्जत-मुंबई लोकलमध्ये हा घेर मावणार नाही, हे खरेच. जाळीचा परकर पिशवीत घालून न्यावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर नेसावा. वैशाखात तीन पदर अंगावर घेणेही शहाणपणाचे नाही. मार्गशीर्ष-पौषातील एखादी रविवारची दुपार, मैत्रिणीचा वाढदिवस, घरगुती समारंभ, छायाचित्रासाठी नदीकाठची फेरी, एवढे प्रसंग पुरेसे आहेत. मिसाको आओकी या जपानमधील या शैलीचा सर्वांत परिचित चेहरा. २००९ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यांना या संस्कृतीची प्रतिनिधी म्हणून नेमले. व्यवसायाने त्या परिचारिका आहेत. कामाच्या वेळी कामाचा गणवेश, सुट्टीच्या दिवशी झालरींचा झगा. छंद आणि कर्तव्य यांची वाटणी अशी करता येते.

खरा प्रश्न कदाचित निराळाच असतो. वापर कमी आणि कापड फार, हा हिशेब घरातील मोठ्यांना खुपतो, आणि अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या घरात तो खुपलाच पाहिजे. परंतु हिशेब पूर्ण मांडावा. विकत घेतलेला झगा दोनदा घालून कपाटात गेला तर तो संग्रहच. आधीच घरात पडून असलेल्या साडीचा, पडद्याचा, छत्रीचा झगा शिवला तर नवी वस्तू घरात येत नाही. जुनीच मोकळी होते. शिवाय तो बेतताना मुलगी जे शिकते त्याची किंमत वेगळी. कापडाचा उभा आणि आडवा धागा, तिरका काप, पन्ह्याचे गणित, चुण्यांचे प्रमाण, कोणते कापड आटते आणि कोणते विरते, हे दुकानाच्या गादीवर बसून शिकायला वर्षे जातात. एक झगा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः शिवला की त्यातले बरेचसे हाताला कळते. कापडाच्या व्यापारात उद्या तिने पाऊल ठेवले, तर हे ज्ञान तिच्या पाठीशी असेल.

नवशिकीने पहिला झगा थेट साडीवर बेतू नये. जुन्या चादरीतून कच्चा नमुना कापावा, धावदोऱ्याने जोडावा, अंगावर घालून पाहावा, खांदा आणि बाही सुधारावी. मग तोच उसवून मापाचा नमुना म्हणून वापरावा. टोपड्यासाठी तर शिक्षिका घरातच आहे. ज्या आजीने नातवंडांची झबली-टोपडी शिवली, कुंचीला गोटा आणि मणी लावले, तिला बकरम घालून ताठ कड कशी उभी करायची आणि हनुवटीखाली फीत कुठे टाकायची, हे सांगावे लागत नाही. जपानी मुलींच्या डोक्यावरचे ते टोपडे पाहून ती बहुधा एवढेच विचारील, की एवढ्या मोठ्या मुलीला कुंची कशाला?

प्रश्न हसत विचारला जाईल आणि चष्मा शोधला जाईल. साडीच्या घड्या उजेडासमोर धरल्या जातील, विरलेल्या भागावर खडूची खूण होईल. घेर, बाह्या, टोपडे आणि गाठ बेतून झाल्यावर जे हातभर तुकडे उरतील, ते कोणी टाकणार नाही. ते गोधडीच्या गाठोड्यात जातील, जेथे आधीच्या साड्यांचे काठ वाट पाहत असतात.